काळीचा बांध आणि वडझरीचं पाणी

कोळसा खाण, वडझरी, जि. चांदा
ता. २० फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप सौ. आक्का व दाजी यांस भुजंगचा दोन्ही हात जोडून नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटेना म्हणून आधी टपालवाल्याला परतच देत होतो. आत पाहतो तर आक्का! दाजींनी तुला दोन हिवाळ्यांत लिहायला शिकवलं हे कानावर आलं होतं, पण तू चार पानं भरून मला रागावशील इतकं शिकवलं असेल असं वाटलं नव्हतं. दाजींना माझा वेगळा नमस्कार सांग. शाळेतली पोरं शिकवणं सोपं, तुला शिकवणं म्हणजे कमाल आहे.

तू विचारतेस की मी इथं नेमकं करतो काय. चारठाण्यात सगळ्यांना वाटतं मी जमिनीच्या पोटात दिवा घेऊन कोळसा फोडतो. तसं नाही. ही खाण उघडी आहे. वरची माती आणि मुरूम काढून टाकायचा की खाली कोळशाचा थर लागतो. म्हणजे एक भला मोठा खड्डा, आपलं अर्धं गाव त्यात सहज बसेल. त्यात खालून झरे फुटतात, वरून पाऊस पडतो. ते पाणी उपसून बाहेर काढायचं काम माझ्याकडे. कागदावर मी ओव्हरसियर, लोक मला पाणीवाला म्हणतात.

पाणी बाहेर काढायचं हे ठीक, पण बाहेर म्हणजे कुठं? गेल्या वर्षी पंपाचं पाणी सरळ नाल्यात सोडलं. नाल्याच्या खालच्या अंगाला वडझरी गाव आहे. गावात विहीर नाही. बायका नाल्याच्या वाळूत झिरे उकरतात आणि तेच पाणी पितात. आमचं पाणी गेलं आणि वाळूवर चार बोटं काळा गाळ बसला, दगड तांबूस झाले, जनावरं तोंड लावीनात. गावातली धुरपताबाई म्हणून एक बाई आमच्याकडे माती वाहणाऱ्या बायांची मुकादम आहे. ती महिन्यामागे माझ्या टेबलावर तांब्या ठेवून गेली. एवढंच म्हणाली की पिऊन पाहा. मी पिऊ शकलो नाही आक्का. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाऊन शब्द दिला की येत्या पावसाळ्यात खाणीच्या काळ्या पाण्याचा थेंबही तुमच्या झिऱ्यात येणार नाही.

साहेबांनी माझं म्हणणं मान्य केलंय, पण सगळं मृगाच्या आत व्हायला हवं. खाणीच्या वरच्या अंगानं एक चर खणतोय, म्हणजे पावसाचं स्वच्छ पाणी खड्ड्यात न शिरता बाहेरून वळून जाईल. आणि खड्ड्यातलं पाणी एकाखाली एक अशा तीन तळ्यांतून निवळून मगच नाल्यात जाईल. तळ्यांचे बांध मी काळ्या मातीचे घालणार. इथली माणसं मुरूम मुरूम करत होती. मी सांगितलं, मी जिंतूर तालुक्यातला आहे, काळी माती मला शिकवू नका.

लोभ आहेच, तो उन्हाळ्यात लोणच्याच्या बरणीसकट पाठवावा ही विनंती.

तुझा,
भुजंग

*

चारठाणा, ता. ३ मार्च १९५७

चि. भुजंगास आक्काचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

माझ्या अक्षराला नावं ठेवलीस. तू उर्दूत शिकून मॅट्रिक झालास, तुझं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. हे मास्तरांचं मत आहे, माझं नाही. माझं मत त्याहून वाईट आहे.

इकडे सर्व ठीक. गावात इलेक्शनची गडबड चाललीय. आता परभणी आणि चांदा एकाच राज्यात आले म्हणे. मग पत्राला पहिल्याइतकेच पाच-सहा दिवस का लागतात ते तुझ्या साहेबाला विचार. येलदरीला पूर्णेवर मोठं धरण बांधायचं घाटतंय, त्याचे मोजणीवाले दोन दिवस आपल्या देवळाच्या ओवरीत उतरले होते. मी त्यांना भाकरी नेऊन दिली आणि माझा भाऊ पण पाण्याचा साहेब आहे म्हणून सांगून आले. आता माझी फजिती होऊ देऊ नकोस.

तू त्या बाईला शब्द दिलास ते वाचून छाती भरून आली आणि धडधडलीही. बायका लय गोष्टी विसरतात, लुगडं आणतो म्हणून न आणलेलं पण विसरतात. पाण्याचं मात्र विसरत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी कुणी मला घागर भरू दिली आणि कुणी ढकललं, ते मला आजही नावानिशी सांगता येईल.

एक विचारायचं राहिलं. बांध काळीचा घालणार म्हणतोस, त्यावर वरून काय घालणार ते लिहिलं नाहीस. मास्तर म्हणतात ते आपल्याला काय करायचंय. मला आपलं विचारावंसं वाटलं.

लोणचं कैऱ्या निघाल्यावर. तोवर नुसत्या लोभावर भागव.

तुझी,
आक्का

*

वडझरी खाण, ता. १४ एप्रिल १९५७

ती. सौ. आक्कास भुजंगचा उन्हातान्हातून नमस्कार, वि. वि.

झालं! तिन्ही तळी तयार आहेत. दोन कोसांवरून गाड्या लावून काळी माती आणली. बांध असे गुळगुळीत झालेत की म्हशीच्या पाठीसारखा हात फिरवावासा वाटतो. पहिल्या तळ्यात कोळशाची पूड खाली बसेल. दुसऱ्यात चुना टाकायचा, कारण कोळशाबरोबर गंधक निघतं आणि त्यानं पाणी आंबट होऊन दगड तांबूस पडतात. चुन्याच्या गोणी आल्या तेव्हा माणसांना वाटलं पाणीवाला आता पानाचं दुकान टाकतोय. तिसऱ्या तळ्यातून निघेल ते पाणी नाल्यात. वरचा चरही पुरा झाला. उतार इतका बेताचा ठेवलाय की पाणी पळणार नाही आणि थांबणारही नाही.

काल धुरपताबाई तिन्ही बांधांवरून अनवाणी चालत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग टोपली डोक्यावर घेतली आणि पाहू म्हणाली. तिच्या तोंडून एवढा शब्द म्हणजे मोठी शाबासकीच समजायची.

वरून काय घालणार विचारतेस. आक्का, काळ्या मातीवर आणखी काय घालायचं असतं? पुरणपोळीवर पुन्हा पुरण घालतात का? तुझं घर सांभाळ, तळी मी सांभाळतो.

ऊन मरणाचं आहे. तळ्यांत अजून थेंब नाही, कारण पंप पावसाळ्यात लागेल तेवढाच चालतो. दाजींना सांग की मी आता अक्षर सुधारतोय. लोभ कमी करू नये, तुझ्या टोमण्यांना मात्र थोडी सुट्टी द्यावी.

तुझा,
भुजंग

*

(पोस्टकार्ड)

वडझरी खाण, ता. १६ मे १९५७

ती. आक्कास नमस्कार. मी खुशाल आहे. काम फार आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. झरीला काकांच्या शेतावर यंदा माणूस पाहिजे होतं असं मागं कुणी म्हणत होतं, ते अजून पाहिजे का, हे सहज विचारून कळवावं. बाकी विशेष काही नाही. लोभ असू द्यावा.

भुजंग

*

चारठाणा, ता. २२ मे १९५७

चि. भुजंगास आशीर्वाद, वि. वि.

पोस्टकार्ड? माझ्या भावाचं, आणि त्यावरही अर्धी जागा कोरी? काकांच्या शेतावर माणूस पाहिजे की नको ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. नांगराला हात लावायला नको म्हणून जो परभणीला शिकायला पळाला, तो आता सहज विचारतो होय?

तुझं कार्ड मी तीनदा वाचलं. मास्तरांनी एकदा वाचलं आणि म्हणाले की याचं काहीतरी बिनसलंय. त्यात बाईचं नाव नाही, तळ्याचं नाव नाही, साहेबाचं नाव नाही, आणि मला एकही टोमणा नाही. एवढा चांगला तू कधीच नव्हतास.

तुला पडसं झालं तरी मला आईच्या शेवटच्या दिवसांची आठवण येते, हे तुला माहीत आहे. तेव्हा खरं ते लिही. वाईट असेल तर आधी वाईट लिही. मी रागावेन, पण दूर बसून. तिथवर माझा हात पोचत नाही.

इथं घराच्या माळवदावर पावसाआधीची माती टाकायचं काम निघालंय. सटवाजी गवंडी पहाटेच येऊन बसतो. माझे दोन्ही हात मातीनं भरलेत, म्हणून हे पत्र थोडं मळलंय. वाचता येईल तेवढं वाच.

उत्तर येईपर्यंत जेवण गोड लागणार नाही.

तुझी,
आक्का

*

वडझरी खाण, ता. २७ मे १९५७

ती. आक्कास भुजंगचा नमस्कार, वि. वि.

वाईट आधी लिहितो. बांध फुटले.

उन्हाळा चढला तशा बांधांवर भेगा दिसू लागल्या. आधी केसासारख्या, मग बोट जाईल एवढ्या. वैशाखात तर मनगट शिरत होतं. मी मनाला समजावलं की आपल्या शेतातही अशाच भेगा पडतात आणि पाणी लागलं की मिटतात. मातीचा मी जाणकार ना! मग बारा तारखेला अवकाळी आला. दुपारी दोन तास नुसता कोसळला. वरच्या चरानं आपलं काम चोख केलं, बाहेरचं पाणी बाहेर गेलं. पण खड्ड्यात पडलं ते कमी नव्हतं, म्हणून पंप लावला. तळी घटकाभरात भरली आणि पाण्यानं भेगा हेरल्या. भेगा मिटायला वेळ लागतो आक्का, पाण्याला लागत नाही. आधी तिसऱ्या तळ्याचा बांध गेला, मग त्याच्या मागचे. खाणीत महिनाभर साचलेली काळी घाण एका दमात नाल्यात गेली.

संध्याकाळी मी वडझरीला गेलो. झिऱ्यांत डांबर ओतल्यासारखं दिसत होतं. बाया घागरी घेऊन दुसऱ्या गावी निघाल्या होत्या, दीड कोस. मला पाहून कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. धुरपताबाई माझ्या जवळून गेली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामावरही येत नाही. तिच्यामागे गावातल्या सगळ्या बाया.

साहेब वाईट माणूस नाही. पण ते म्हणतात की झाला तेवढा प्रयोग पुरे, पावसाळ्यात सगळेच नाले गढूळ असतात, पंप लागला की पाणी सरळ नाल्यात सोडायचं. मी पाया पडायचाच बाकी राहिलो. तेव्हा म्हणाले, आर्द्रा लागेपर्यंत काय करायचं ते कर, पण पुन्हा काळ्या मातीची गाडी मागायची नाही.

मला काही सुचत नाही. माझ्या शब्दावर त्या बाया चार महिने थांबल्या होत्या. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण हे तोंड घेऊन मी कुठं जाऊ? म्हणून झरीचं विचारलं होतं.

आता रागावून घे. हात पोचत नसला तरी मला लागेल.

तुझा,
भुजंग

*

चारठाणा, ता. १ जून १९५७

चि. भुजंगास आक्काचे आशीर्वाद, वि. वि.

रागावते आणि मग सांगते.

अरे वेड्या, जन्मभर तू शेतातली काळी पाहिलीस, पण घराच्या डोक्यावर काय आहे ते मान वर करून कधी पाहिलं नाहीस! दर वैशाखात आई, मी आणि गल्लीतल्या बाया माळवदावर माती टाकायचो तेव्हा तू कुठं असायचास? वडाच्या पारावर पाय पसरून. माळवदाचं काम बायकांचं म्हणून तुम्ही बापलेक तिकडं फिरकत नव्हता. आता भोग त्याची फळं.

तुझं पत्र मी सटवाजीला वाचून दाखवलं. तो माळवदावरच बसून ऐकत होता. मधेच हातातलं माती बडवायचं चोपणं खाली ठेवलं आणि म्हणाला की काळी उघडी ठिवली व्हय त्येनं? काळी पानी पिऊन फुगती अन् उनानं तडकती, तिला सूर्य दावायचाच न्हाई, तिला पोटात घाल म्हनावं अन् वरून पांढरी दे. मग लय वेळ हसत बसला. मी त्याला चहा दिला नाही.

आता नीट ऐक. काळी माती वाईट नाही, तिच्याशिवाय पाणी धरणार कोण? पण ती राहते आत. आमच्या माळवदावर फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर चिखल, आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. पांढरी पाणी पीत नाही, अंगावरून सोडून देते. तिला भेग पडत नाही. तुझी फुटलेली काळी गोळा कर, ओली कर, तुडव, आणि बांधाच्या पोटात घाल. तिच्या दोन्ही अंगांना मुरूम. वर वीतभर पांढरी, आणि ती ओलसर असतानाच चोपायची, दमानं, सगळ्या बायांनी एका ओळीत बसून. उघडी काळी एक दिवसही ठेवायची नाही. ज्या दिवशी घातली त्याच दिवशी झाकायची. आणि पाणी वरून वाहून जायला दगडी पन्हाळ ठेव, नाहीतर चांगला बांधही डोक्यावरून पाणी गेलं की बसतो.

पांढरी कुठं मिळेल? जिथं जुनं गाव होतं आणि उठून गेलं, तिथं. माणसं शेकडो वर्षं राहिली, त्यांच्या भिंती पडल्या, चुलीची राख पडली, त्याची ती माती होते. म्हणून तर शेताला काळी म्हणायचं आणि गावाला पांढरी. मास्तर म्हणतात की हे पुस्तकात नाही. मी म्हटलं, मग पुस्तकात लिहा.

गावाची पांढर गावाला विचारल्याशिवाय खणायची नाही. तेव्हा तुला त्या बाईकडे जावं लागेल. मान खाली घालून जा. चुकलो म्हण, कारण चुकलास. झरीला माणूस नको आहे.

तुला शाळेत जाताना मी पाठीवर थाप मारायचे, तशी एक या कागदावर मारली आहे. माती लागलेली दिसेल.

तुझी,
आक्का

*

वडझरी खाण, ता. २ जुलै १९५७

ती. सौ. आक्का, दाजी आणि सटवाजी यांस भुजंगचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

या नमस्कारात सटवाजीचं नाव आलं म्हणून तू फुगू नकोस. त्याला चहा पाज, दोनदा.

तुझं पत्र सात तारखेला मिळालं आणि मी तसाच वडझरीला गेलो. मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. मी चुकलो म्हटलं. तेवढ्यात धुरपताबाई बाहेर आली. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. तू मला वेडा म्हटलंस तिथं ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, हे पत्र बाईनं लिहिलं काय? मी हो म्हटलं, माझ्या बहिणीनं. मग ती खाली बसली आणि पुन्हा वाच म्हणाली.

वडझरीची पांढर आहे आक्का. गावापासून हाकेच्या अंतरावर एक टेकाड आहे, त्याला जुनं गाव म्हणतात. धुरपताबाईच्या आजीच्या काळी तिथं पटकी आली. पाण्यातून आली. अर्धं गाव गेलं आणि उरलेल्यांनी खाली येऊन घरं बांधली. तेव्हापासून यांची एक रीत आहे. पावसाळ्यात झिऱ्याला नवं पाणी आलं की ज्याच्यावर गावाची भिस्त तो पहिली ओंजळ पितो. बाकीचे त्याच्याकडे पाहत थांबतात, मग घागरी भरतात. त्या टेकाडाला आजवर कुणी कुदळ लावली नव्हती. पारावरचे म्हातारे नको म्हणत होते. धुरपताबाईनं त्यांना विचारलं की आपली माणसं पाण्यानं गेली, आता त्यांची माती पाणी राखत असेल तर त्यांना वाईट कशाला वाटेल? मग म्हाताऱ्यांनी कुदळ लावायला परवानगी दिली.

पण तिनं एक अट घातली. यंदाच्या पावसाळ्यात पहिली ओंजळ मी प्यायची. रोज, सगळ्यांच्या देखत. गावाचा विश्वास बसून गाव हो म्हणेपर्यंत. मी कबूल केलं. 

मग आठ तारीख उजाडायच्या आत सगळ्या बाया कामावर हजर. साहेबानं काळ्या मातीच्या गाड्या मना केल्या होत्या, पांढरीच्या नव्हत्या. फुटलेली काळी आम्ही ओली करून तुडवली आणि पोटात घातली. मुरूम खाणीतच होता, ढिगानं. पांढरी चोपायला मात्र मला कुणी हात लावू दिला नाही. चाळीस बाया ओळीनं बसून चोपत होत्या आणि धुरपताबाई मागून तुझं पत्र तोंडपाठ म्हणत होती. दमानं, सगळ्यांनी एका ओळीत. तू इथं आली असतीस तर तुला लाज वाटली असती इतकं तुझं नाव झालंय. मृग कोरडा गेला. लोक आभाळाकडे पाहून काळजी करत होते आणि मी एकटा देवाचे आभार मानत होतो.

एकवीस तारखेला पाऊस लागला आणि तीन दिवस उघडला नाही. मी बांधावरून हललो नाही. पहिलं तळं काळं, दुसरं राखाडी, तिसरं आपल्या ताकासारखं, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून नितळ. बांध जागचा हलला नाही. चोवीस तारखेला सकाळी मी झिऱ्यावर बसलो आणि ओंजळ प्यालो. साठ-सत्तर माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. पाणी गोड होतं. पण विश्वासाचं सांगता येत नाही. बाया बऱ्याच वेळानं घागरी भरू लागल्या, त्याही काठाकाठानं. मी रोज जातो. अजून कुणी हो म्हटलेलं नाही.

लोभ होता तेवढा पुरला, आता आणखी वाढवलास तरी माझी ना नाही.

तुझा,
भुजंग

*

वडझरी, ता. १४ ऑगस्ट १९५७

ती. आक्का, हे पत्र माझं नाही. धुरपताबाई सांगतात आणि मी लिहितो. त्यांच्या तोंडून निघेल तेच कागदावर यायला पाहिजे अशी ताकीद आहे, म्हणून आता मी गप्प.

चारठाण्याच्या कमलबाईले वडझरीच्या धुरपताबाईचा राम राम.

बाई, म्या आजवर कोनाले पत्र धाडलं नाई. तुमचा भाऊ म्हने आधी खुशाली सांगा लागते. तं आमी खुशाल. धान लावून झालं. पाऊस बरा हाये. तुमच्या घरचं माळवद गळत नसन, हे इचाराची गरज नाई.

बांध उभे हायेत. तीन मोठे पाऊस झाले, एकदा तं रात्रंदिवस. काळी पोटात बसली, पांढरी वरून पानी सोडून देते. म्हातारे जाऊन जाऊन हात लावून पायतात. जुन्या गावच्या लोकाईनं बांधाले पाठ लावून धरली म्हनतात. माया आजीचं मूल बी त्या पटकीत गेलं होतं. म्हनून हे आयकून मले बरं वाटलं.

तुमचा भाऊ रोज सूर्य उगवता झिऱ्यावर ये. ओंजळ भरे, पिये, अन् आमी त्याच्या तोंडाकडे पायत राहो. पयल्या दिवशी त्यानं डोळे मिटून पिलं. हे तो लिवत नव्हता, मी वाचून दाखवाले लावलं तवा सापडला. नाल्याले पूर असो का पाठीवर पाऊस असो, त्यानं एक दिवस चुकवला नाई. आमी हो म्हनत नव्हतो. म्हनाचं नव्हतं असं नाई, पन एकदा शब्दावर भरवसा ठेवून पायला होता ना बाई, म्हनून जीभ उचले नाई.

गेल्या सोमवारी तो आला नाई. पंपाचा पट्टा तुटला, तो आनाले चांद्याले गेलता, अन् पुरात तिकडंच अडकला. आमाले हे काई मालूम नाई. आमी बाया घागरी घेऊन उभ्या. सूर्य कासराभर वर आला. एक म्हने थांबा, एक म्हने दीड कोस जाऊ, तिसरी म्हने काहून आला नसन, पानी बिघडलं तं नाई? सगळ्याईनं मायाकडे पायलं. म्या झिऱ्यात पायलं. बुडाची वाळू दिसे. मंग म्या बसली, ओंजळ भरली, अन् पिली. कोनाची वाट पायली नाई. माया मांगून सगळ्याईनं घागरी बुडवल्या, काठाकाठानं नाई, मधात.

इथं तुमच्या भावाचा हात थांबून रायला. मी म्हटलं, लिव बाप्पा, आभाळ भरून आलं हाये.

दुसऱ्या दिवशी तो चिखल तुडवत धावत आला. त्याले वाटलं आमी तहानल्या उभ्या असू. झिऱ्यावर कोनीच नव्हतं. आमी पानी भरून केव्हाच घरी आलतो.

माया असू द्या बाई.

निशानी अंगठा, धुरपताबाई